सरकवलेला पडदा

माझे भाऊजी विलास सरनाईक, म्हणजे माझ्या मालिनीताईचे यजमान, यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. हे मी खोचकपणे म्हणत नाही, ते स्वतःच चारचौघांत सांगायचे. सांगलीला आमच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा ताईने गाणं म्हटलं आणि हे महाशय अख्खा वेळ छताच्या पंख्याकडे बघत बसले. गाणं संपलं, सगळे वा वा म्हणाले, आणि यांनी माझ्या बाबांकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला. पंख्याचं एक पातं सैल आहे, कुणाच्या डोक्यात पडायला नको, म्हणाले. आईने कपाळावर हात मारला. ताई पुढे मला सांगायची की तिने मनातल्या मनात होकार दिला तो तेव्हाच, कारण त्या पंख्याखाली तीच बसली होती.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीच्या गावात, राहणारा मराठी माणूस म्हटलं की सगळ्यांना तो सॉफ्टवेअरवालाच वाटतो. भाऊजी मेकॅनिकलचे. हायडेलबर्गजवळ पंप बनवणाऱ्या एका कंपनीत, मोजमापाच्या लॅबमध्ये. एखादा भाग केसाच्या जाडीने जरी चुकला तरी यांना जेवण गोड लागत नाही. मी बाड हॉम्बुर्गला नोकरी करते. गाड्या बदलत बदलत त्यांच्याकडे पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, तरी ताई होती तोवर महिन्यातला एखादा शनिवार-रविवार मी तिच्या घरी लोळून काढायचेच.

ताईचा आवाज चाळिशीनंतर गेला. घशात गाठ होती, ती काढली, गाठ साधी निघाली, पण वरचा सा परत आला नाही. बोलायची नीट. गायला लागली की आवाज मधेच तुटायचा. त्याबद्दल ती रडली नाही, निदान माझ्यासमोर नाही. मग हायडेलबर्गला कुणाच्या तरी वाढदिवसाला तिला मेहरी खानूम भेटल्या. मूळच्या इराणच्या, सत्तरीच्या, तरुणपणीच देश सोडून आलेल्या, आणि सेतार शिकवणाऱ्या. सेतार म्हणजे आपल्या सतारीची लांबची, अंगाने किरकोळ बहीण समजा. मांडीत मावेल एवढा तुतीच्या लाकडाचा पोकळ भोपळा, बारीक लांब दांडी, चार तारा, आणि दांडीवर तातीचे वेढे घेऊन बांधलेले, सरकवता येणारे पडदे. तर्जनीच्या नखाने छेडायची. आवाज इतका हळू की शेजारच्या फ्राऊ बाईंनी, ज्या दुपारी मिक्सर लावला तरी रूहेत्साइटची, म्हणजे दुपारच्या शांततेच्या नियमाची, आठवण करून द्यायला येतात, त्यांनीही कधी बेल वाजवली नाही. ताई म्हणायची, माझा जेवढा आवाज उरलाय ना, तेवढाच हिचा आहे.

ती दार लावून वाजवायची. पाहुण्यांसमोर नाही, मुलीसमोर नाही, रेकॉर्डिंगचं तर नावच काढायचं नाही. अजून शिकतेय, म्हणायची. ती खोलीत बसली की भाऊजी बाहेर फ्लूरमध्ये, म्हणजे बोळात, चपला-बूट ठेवायच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचे. दिवाणखान्यातला सोफा रिकामा पडलेला असायचा. मी एकदा विचारलं, "भाऊजी, इथे अडचणीत का बसता?" तर म्हणाले, "इथे वायफाय चांगलं येतं." मी माझ्या फोनवर बघितलं. त्या बाकावर वायफाय जेमतेम येत होतं.

गेल्या ऑक्टोबरात ताई गेली. सकाळी तिने सेतार लावली, थोडा वेळ वाजवली, भिंतीवरच्या खुंटीला अडकवली, भाजी चिरायला गेली आणि ओट्यापाशी पडली. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलमध्ये ती शुद्धीवर आलीच नाही. माझी एकुलती एक बहीण कोथिंबीर अर्धी निवडून निघून गेली, आणि मला अजून त्याचा राग येतो. कुणावर, ते विचारू नका.

त्यानंतर भाऊजींनी एक नेम धरला. रोज ऑफिसातून आले की कोट न काढता त्या खोलीत जायचं, आणि भिंतीवरच्या सेतारच्या मोकळ्या तारांवरून एकदाच बोट फिरवायचं. चार तारा, एकापाठोपाठ एक. मग दार लावून घ्यायचं. त्यांनी मला हे लाजत लाजत फोनवर सांगितलं. "मालूने शेवटचं लावून ठेवलंय ना, ते तसंच आहे अजून," म्हणाले. मी अंत्यविधीलाही एवढी रडले नव्हते.

जानेवारीत मी गेले तेव्हा त्यांनी मला कोटसुद्धा काढू दिला नाही. "आधी इकडे ये." खोलीत नेलं, तारांवरून बोट फिरवलं. "ऐकलंस? उतरतंय."

"काय उतरतंय?"

"पिच. हायत्सुंगमुळे, या हीटरमुळे, लाकूड सुकलंय. खुंट्या घसरतायत. तिने लावलेलं जातंय, ऊर्मिला."

"मग तुम्ही पिळा की थोडं."

"लाकडी खुंटी आहे. जराशी फिरवली तरी स्वर कुठल्या कुठे जातो. मी हात लावला आणि चुकलं, तर ते परत कुठून आणू?"

या माणसाला एक नट इकडचा तिकडे करताना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी ईश्वरीला फोन लावला. त्यांची मुलगी, गार्चिंगला पीएचडी करते. स्पीकरवर विचारलं, "आईचं वाजवतानाचं काही रेकॉर्डिंग आहे का गं तुझ्याकडे? चोरून केलेलं चालेल." "नाइन, पप्पा," ती म्हणाली, आणि मग जर्मनमध्येच, हळू आवाजात, की आईला आवडत नव्हतं म्हणून कधी केलं नाही. त्या घरात सगळ्यांनीच ताईचं ऐकलं होतं. एकदा तरी कुणी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

जेवताना भाऊजी म्हणाले, "फाइन ट्यूनर बसवतो." व्हायोलिनला असतात तसे, पितळेचे छोटे स्क्रू, तारांच्या खालच्या टोकाला. म्हणजे खुंट्यांना हात न लावता स्वर बारीक बारीक वर घेता येईल आणि एकदा जमला की जागचा हलणार नाही. इराणी वाद्यांना हल्ली लोक बसवून घेतात, त्यांनी इंटरनेटवर पाहिलं होतं, पण विकतचे त्यांना पसंत नव्हते. स्वतः करणार होते.

"आपल्याकडे तारेत मणी ओवतात," मी म्हटलं. "मिरजेला जाऊन कुणालाही विचारा. मणी सरकवला की काम झालं."

"मणी घर्षणावर राहतो. घसरणार. स्क्रूच पाहिजे."

"आणि तुमचा स्क्रू बसवायला तारा सोडाव्या लागतील. मग ताईने लावलेलं राहिलं कुठे?"

ते थोडा वेळ आमटीत चमचा फिरवत बसले. "आल्झो, मी आधी मोजून ठेवीन. किती उतरलंय त्याचाही हिशेब लावीन. मग परत तिथेच आणीन. अचूक."

अचूक म्हटल्यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि खरं सांगायचं तर मला घालायचाही नव्हता. कारण त्या दिवसापासून माणूस जरा माणसात आला. दाढी करायला लागले. संध्याकाळी मला फोटो पाठवायचे, पितळेचा तांदळाएवढा स्क्रू, मग त्याची चौकट, मग आधीची चौकट फेकून केलेली दुसरी. जेवलात का विचारलं तर हो म्हणायचे आणि काय जेवले तेही सांगायचे. एकदा फोनवर म्हणाले, "तारा काढल्या तर पडद्यांकडे लक्ष गेलं. एक पडदा भलतीकडेच होता गं. धक्का लागून सरकला असणार. गणित करून सगळे नीट जागेवर घेतले. दांडी पण पुसून तेल लावून लख्ख केली." मी फोडणीत मोहरी टाकत होते. "बरं केलंत," मी म्हणाले.

यंदा आपला पाडवा आणि इराण्यांचा नवरोज लागोपाठ आले. आपल्याकडे घरात कुणी गेलं की वर्षाच्या पहिल्या सणाला जवळच्यांनी जाऊन गोडाचा घास भरवायचा असतो. मी क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड करून डबा घेऊन गेले. गुढी नव्हतीच. दुपारी मेहरी खानूमही आल्या, जांभळ्या फुलांची कुंडी घेऊन. त्यांच्यातही म्हणे पहिल्या नवरोजला दुःखाच्या घरी आधी जातात. ताईच्या टेबलावर माझा डबा आणि त्यांची कुंडी शेजारी शेजारी ठेवली, आणि आम्ही तिघं आपापल्या तऱ्हेच्या जर्मनमध्ये हवापाण्याचं बोललो.

मग भाऊजींनी सेतार आणली. त्यांनी आदल्या दिवशी इस्त्री केलेला शर्ट घातला होता. त्यांनी ती मेहरी खानूमच्या मांडीवर ठेवली.

मेहरी खानूमनी चष्मा लावला. ते पितळेचे नाजूक स्क्रू एकेक करून फिरवून पाहिले. "फार सुंदर काम आहे, हेर्र सरनाईक. माझ्या खुंट्या मला आता फिरवत नाहीत. मलाही करून द्याल?"

"हो, हो, नक्की. आणि तारा बघा. मालिनीने शेवटच्या लावल्या होत्या तशाच आहेत."

मेहरी खानूम हसल्या. प्रेमानेच हसल्या. "मालिनी-जान तर रोज नव्याने लावायची. कधी वर, कधी खाली. तिचा दिवस कसा आहे ते मला तेवढ्यावरून कळायचं. तारा काय, रात्रीत उतरतात. त्यांचं काय एवढं."

भाऊजींचा चेहरा जरा उतरला. मेहरी खानूमनी वाजवायला सुरुवात केली. शूर म्हणून त्यांचा एक राग आहे, राग म्हटलेलं त्यांना आवडत नाही, पण मला दुसरा शब्द सापडत नाही. ताई तोच वाजवायची. त्यातला दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे कुठेतरी असतो. त्यांचं बोट तिथे गेलं आणि थांबलं. त्यांनी परत छेडलं. मग चष्मा वर करून दांडीकडे पाहिलं.

"हा पडदा कुणी हलवला?"

"मी," भाऊजी म्हणाले, आणि मला आठवतंय, ते खुर्चीत थोडे पुढे सरकले, शाबासकीची वाट बघितल्यासारखे. "चुकला होता तो. खूप खाली होता. आता मधोमध आहे. गेनाऊ, अचूक."

मेहरी खानूमनी सेतार मांडीवर आडवी ठेवली. भाऊजींकडे न बघता, सेतारकडे बघत बोलल्या. "त्या एका पडद्यावरून मी तिच्याशी कितीतरी भांडले. वर घे, वर घे. माझ्यासमोर घ्यायची आणि पुढच्या वेळी येताना परत खाली आणलेला. म्हणायची, तिकडे घेतला की मला परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटतं. शेवटी मी नाद सोडला. आमच्याकडे हा पडदा ज्याचा त्याचा असतो, हेर्र सरनाईक. माझ्या गुरूंचा वेगळा होता, माझा वेगळा. डोळे मिटून माणूस ओळखायचा तर आम्ही इथे ओळखतो."

माझ्या एकदम लक्षात आलं. ताई पडदा खाली ओढायची तो आपल्या कोमल रिषभाकडे. जो गळ्यातून गेला होता तो ती बोटाने धरून ठेवत होती, आणि घरात ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

भाऊजींना समजायला वेळ लागला. म्हणजे समजलं होतं लगेच, पण ते चेहऱ्यापर्यंत यायला वेळ लागला. "परत तिथे न्या," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे ना कुठे होता?"

मेहरी खानूमनी पडदा थोडा खाली सरकवला, छेडला. आणखी थोडा. परत वर. मग मान हलवली. "माझा हात माझ्याच जागेकडे जातो. तिची जागा मला चूक वाटायची, म्हणून ती मी कधी लक्षातच ठेवली नाही. खुणा असतात दांडीवर, तातीखाली लाकूड दबतं..." त्यांनी दांडी उजेडात तिरकी धरली. दांडी लख्ख होती.

"हलवायच्या आधी मोजलं नव्हतंत?" मी विचारलं. तारा मोजल्या होत्या, मग हेही मोजलं असेल, अशी मला आशा होती.

"चुकीच्या गोष्टीचं माप कोण घेतं, ऊर्मिला?" ते म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग. तू तिच्याबरोबर शिकायचीस लहानपणी. तुझ्या कानात असेल."

मी डोळे मिटले. सांगलीची माडी आठवली, सतरंजी आठवली, ताईची लाल रिबीन आठवली. ती चुकल्यावर स्वतःशी जीभ चावायची तेही आठवलं. रिषभ आठवला नाही. क्षणभर वाटलं, म्हणावं इथेच, इथेच होता, आणि सोडवावं या माणसाला. पण ते लगेच मोजायला बसले असते, आणि जन्मभर माझं खोटं ताईचं म्हणून जपलं असतं. "मला नाही येत आठवून, भाऊजी," मी म्हटलं.

ते उठले. मला वाटलं आता खिडकीपाशी जाऊन उभे राहतील. ते दारापाशी गेले.

"मला असं समोर बसून नाही कळायचं," ते म्हणाले. "मी कधी समोर बसून ऐकलंच नाही. तुम्ही तो पडदा हळूहळू खाली घेत वाजवा. तेच, ती वाजवायची ते. मी बाहेर बसतो. आलं की दारावर टकटक करीन." आणि त्यांनी बाहेर जाऊन दार लावून घेतलं. चपलांचा बाक करकरलेला आम्हाला आतून ऐकू आला.

ज्या माणसाला गाण्यातलं काही कळत नाही त्याच्या कानात तेवढं एकच राहिलं असेल, असं मला तेव्हा ठामपणे वाटलं. मेहरी खानूमनाही वाटलं असावं. त्यांनी भाऊजींनी ठेवलेल्या जागेपासून सुरुवात केली. ओळ वाजवली, थांबल्या, दाराकडे पाहिलं. पडदा कणभर खाली. परत ओळ. दार गप्प. परत कणभर खाली. मी दाराच्या मुठीकडे बघत बसले होते. स्वर उतरत गेला तसा माझ्या ओळखीचा व्हायला लागला, आणि मधे कुठेतरी अंगावर सरकन काटा आला, पण मी माझ्या अंगावर विश्वास ठेवला नाही, कारण टकटक झाली नाही. पडदा आणखी खाली गेला. पुढे तो सरळसरळ आपला कोमल रिषभच झाला, आणि त्याच्याही खाली गेला, तेव्हा मेहरी खानूम दमल्या. त्यांनी पडदा स्वतःच्या जागी घेतला आणि तीच ओळ, बहुतेक सवयीने, शेवटपर्यंत वाजवली.

मी जाऊन दार उघडलं.

भाऊजी बाकावर बसले होते. मूठ दारापासून वीतभर अंतरावर तशीच वर धरलेली. डोळे मिटलेले, गाल ओले.

"आलं नाही का?" मी विचारलं.

"आलं."

"मग टकटक का नाही केलीत?"

त्यांनी मूठ खाली घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले. "टकटक केली असती तर मालू थांबली असती."

तरी मी विचारलं, विचारायलाच हवं होतं. "कुठे होतं ते? सुरुवातीला, की नंतर नंतर?"

"माहीत नाही गं. मी ऐकत होतो."

ते उठून आत आले आणि मेहरी खानूमसमोर उभे राहिले. "अजून एकदा?" या वेळी टकटक करतो, म्हणाले. नक्की करतो. मेहरी खानूमनी उजवा हात पुढे केला. तर्जनीचं नख मुळाशी तुटलं होतं आणि कडेला रक्त आलं होतं. भाऊजींनी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळा सॉरी म्हटलं, आधी जर्मनमध्ये, मग मराठीत.

नख वाढल्यावर त्या परत आल्या, आणखी एकदा वाजवलं. भाऊजी बाहेर बसले. त्या वेळी ते आलंच नाही म्हणाले. पडदा मेहरी खानूमच्या जागी राहिला आहे.

त्या पाडव्याच्या दिवशी निघताना मी भाऊजींना श्रीखंडाचा घास भरवला. त्यांनी तो मुकाट्याने गिळला. मी अजूनही महिन्यातून एकदा जाते. सेतार भिंतीवर असते. ट्यूनर फार उत्तम झाले आहेत, हायत्सुंग असो नसो, चारही तारा जिथल्या तिथे आहेत, तसूभर हललेल्या नाहीत. भाऊजी आता त्यांना हात लावत नाहीत. संध्याकाळी घरी आले की त्या खोलीचं दार बाहेरून लावतात आणि बाकावर थोडा वेळ बसतात.